बदललेल्या गुडघ्यांचे दप्तर

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,



नळदुर्ग हा आज तुळजापूर तालुक्यातील एक कसबा असला, तरी एके काळी या संबंध जिल्ह्याला त्याचेच नाव होते. आणि १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केल्यावर येथे अंमलदार म्हणून आलेल्या मेडोज टेलर साहेबाने ज्या कामांत विशेष लक्ष घातले, त्यांत जमिनीची मोजणी व तिचे दप्तर ही कामे होती. त्या दप्तराच्या दूरच्या वारसांपैकी मी एक आहे. तहसिलीत कारकुनी आणि पुढे अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या मनुष्याने वैद्यकाच्या विषयावर मंत्रिमहोदयांना जाहीर पत्र लिहावे, यात काहींना आगाऊपणा दिसेल. परंतु मी जे मागणार आहे ते नवे औषध नव्हे, नवे यंत्र नव्हे, कोनशिला बसवण्याजोगी इमारतही नव्हे. मला एक दप्तर हवे आहे, आणि दप्तराविषयी बोलण्याचा अधिकार कारकुनाला नसेल तर तो कोणाला आहे, हे आपणच सांगावे.

विषय गुडघ्याच्या सांधेरोपणाचा, म्हणजे ज्याला आमच्याकडे सर्रास ‘गुडघे बदलणे’ म्हणतात त्या शस्त्रक्रियेचा आहे. या भागातील स्त्रीचा सारा संसार गुडघ्याच्या जोरावर उभा असतो: खरिपातील सोयाबीन-उडदाची खुरपणी उकिडव्याने, धुणे-भांडी उकिडव्याने, भाकऱ्या थापणे जमिनीवर बसून, शौचही बसूनच, आणि तुळजापूरला दर्शनास जावे तर देवी उंचावर नाही, पायऱ्या उतरून तिच्यापाशी जावे लागते, आणि झिजलेला गुडघा चढणीपेक्षा उतारावर अधिक छळतो हे ज्याने सोसले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. बीजिंगमधील वृद्धांच्या एका पाहणीत, ज्यांच्या तारुण्यातले दिवसाचे तासच्या तास उकिडवे बसण्यात गेले होते त्यांच्यात गुडघ्याचा संधिवात अधिक आढळला होता. ती पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. आपल्या देशात पाच ठिकाणी केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चाळिशीपुढच्या माणसांपैकी २८.७ टक्क्यांना हा विकार असल्याचे आढळले. हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते, त्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे ते एकदा झिजले की फिरून भरून येत नाही. आणि केलग्रेन व लॉरेन्स या दोन वैद्यांनी १९५७ साली क्ष-किरणचित्रावरून ज्या पायऱ्या ठरवून दिल्या, त्यांतील चौथीवर रुग्ण पोचला म्हणजे हाडावर हाड घासू लागते, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात, आणि घरातील कर्ती बाई न्हाणीपर्यंत जाण्यासाठी भिंतीचा आधार शोधू लागते.

यावर शल्यशास्त्राने काढलेला तोडगा तसा फार जुना नाही. बर्लिनच्या ग्लुक नावाच्या शस्त्रवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हस्तिदंताची बिजागरी बसवून पाहिली होती, पण ते प्रयोग जंतुदोषापुढे टिकले नाहीत. आज जो कृत्रिम गुडघा सर्वत्र बसवला जातो त्याचे मूळ रूप न्यू यॉर्क येथे १९७४ च्या सुमारास सिद्ध झाले, आणि ते सिद्ध करणाऱ्या जॉन इन्साल, पीटर वॉकर प्रभृतींच्या बरोबरीने आपल्या इंदुरास वैद्यकी शिकलेले डॉ. चित्तरंजन राणावत हेही होते. पुढे याच राणावतांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. त्या वेळी वर्तमानपत्रांतून इतके रकाने भरून आले, की गुडघा नावाचा अवयव बदलता येतो ही गोष्ट आमच्या पारावर बसणाऱ्यांनाही ठाऊक झाली. आणि मला तर वाटते, या देशात त्या शस्त्रक्रियेची जाहिरात कोणत्याही कंपनीने केली नसेल इतकी त्या दोन गुडघ्यांनी केली. अर्थात पंतप्रधानांच्या गुडघ्याकडे नंतर लक्ष ठेवायला वैद्यांची तैनात होती. आमच्या गुडघ्यांचे तसे नाही, आणि माझे सारे म्हणणे याच तफावतीविषयी आहे.

येथे सरकारच्या पदरात त्याच्या वाट्याचे श्रेय घालायला मी कचरणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो नेहमीचा सांधा रुग्णाला सरासरी १,५८,३२४ रुपयांना पडत होता त्याची कमाल किंमत, कर वगळता, ५४,७२० रुपये ठरवली गेली. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाने चालू राहिली, तिचे संरक्षण कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत वाढले, आणि सरकारी योजनांच्या यादीत सांधेरोपणालाही जागा मिळाली. एका हंगामाच्या सोयाबीनवर वर्ष काढणाऱ्या घरातील बाईला आज सोलापूरला जाऊन दोन्ही गुडघे बदलून घेता येतात, ही गोष्ट माझ्या उमेदवारीच्या काळात कोणी सांगितली असती तर आम्ही ती थट्टा समजलो असतो. सरकारने खजिना उघडला. मात्र जी वस्तू त्या खजिन्यातून दिली ती पुढे कशी निघाली, याची चौकशी करण्याची तजवीज सरकारने केलेली नाही. आणि सरकारी पैशाने खरेदी झालेल्या टेबल-खुर्चीचीही जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत वर्षातून एकदा पडताळणी करण्याची शिस्त ज्याने जन्मभर पाळली, त्याला हे पाहून कसेसेच होते.

ही वस्तू चांगली निघते, हे मी प्रथमच मान्य करतो, नाहीतर माझ्या पत्राचा उपयोग या शस्त्रक्रियेला भिणारे लोक करतील. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली जो मोठा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यानुसार संपूर्ण गुडघा बदललेल्या दर १०० सांध्यांपैकी १५ वर्षांनी ९३, २० वर्षांनी ९० आणि २५ वर्षांनी ८२ सांधे पुन्हा न उघडता जागेवर होते. गुडघ्याचा एकच भाग बदलला असेल तर २५ वर्षांनी ही संख्या ७० च्या आसपास भरते. त्याआधी दोन वर्षे, २०१७ मध्ये, त्याच नियतकालिकात ब्रिटनमधील नोंदींवरून काढलेला दुसरा हिशेब आला होता: सत्तरीनंतर गुडघा बदलून घेणाऱ्यास उर्वरित आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आसपास, मात्र पन्नास ते चोपन्न या वयात बदलून घेणाऱ्या पुरुषांत ती ३५ आणि स्त्रियांत २० च्या घरात. म्हणजे सत्तरीच्या आजीला बहुधा तो गुडघा जन्माला पुरतो, आणि पन्नाशीच्या सुनेला पुरेलच असे नाही. ही दोन वाक्ये शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितली गेली पाहिजेत. मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांच्यापैकी बहुतेकांना ‘आता काळजी नाही’ एवढेच सांगितले गेले होते.

पण महोदय, हे आकडे कोठले आहेत ते पाहा. पंचवीस वर्षांचा तो हिशेब ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड या दोन देशांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांवर उभा आहे. तेथील वृद्ध स्त्री खुर्चीवर बसते, टेबलावर जेवते, कमोडवर बसते आणि मोटारीने दवाखान्यात जाते. नळदुर्गच्या स्त्रीचा गुडघा पंचवीस वर्षे किती टिकतो, हे मला सांगता येत नाही, आपल्या खात्याला सांगता येत नाही, आणि ज्या शस्त्रवैद्याने तो बसवला त्यालाही सांगता येत नाही, कारण त्याने तो पुन्हा पाहिलेलाच नसतो.

याहून सूक्ष्म असा एक दोष या मोजणीत आहे, आणि तो आमच्यासारख्या मुलखात फार अनर्थ करू शकतो. जगभर सांधा ‘फसला’ असे तेव्हा मानले जाते, जेव्हा तो उघडून पुन्हा बदलला जातो. म्हणजे ज्याच्यावर दुसरी शस्त्रक्रिया झाली नाही तो सांधा हिशेबात यशस्वी. माझ्या घरातलीच दोन उदाहरणे देतो. माझ्या थोरल्या बहिणीने दोन्ही गुडघे बदलून घेतले. रात्री-अपरात्री विव्हळत उठणे थांबले, पाय सरळ झाले, अणदूरच्या खंडोबाला ती काठी न घेता जाऊन आली. मात्र मांडी घालून पंगतीला बसणे संपले आणि घरात खुर्चीचा संडास करावा लागला, याबद्दल तिची तक्रार नाही, कारण तिला ते आधी कोणीतरी नीट समजावून सांगितले होते. माझ्या चुलत वहिनीचाही गुडघा बदलला. तिचे दुखणे गेले नाही. सांधा ताठर राहिला, पाऊल टाकताना आतून कळ येते, आणि सोलापूरला पुन्हा जावे तर सोबत कोण येणार, मजुरी कोणाची बुडणार, पुन्हा कापाकापी निघाली तर पैसे कोठून आणणार, या विचाराने ती गेलीच नाही. मुलाने एकदा नेले तेव्हा ‘फोटो चांगला आहे’ म्हणून तिला परत पाठवण्यात आले. या दोन बायकांचे गुडघे ज्या रीतीने जगात मोजले जातात त्या रीतीने मोजले, तर दोन्ही सारखेच यशस्वी ठरतात. जेथे पुनर्शस्त्रक्रिया सहज मिळते तेथे ही मोजपट्टी निदान अंदाजे खरे बोलते. जेथे गरिबी हीच पुनर्शस्त्रक्रियेच्या आड येते, तेथे जितके दारिद्र्य अधिक तितके यश अधिक, असा विपरीत निष्कर्ष तिच्यातून निघू शकतो.

आणि माझ्या वहिनीसारख्या बायका अपवादात्मक आहेत असे कोणी समजू नये. परदेशांतल्या अनेक पाहण्या एकत्र ताडून २०१२ साली जे अनुमान काढले गेले, त्यात गुडघा बदलल्यानंतरही दीर्घकाळ दुखणे राहणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत १० ते ३४ टक्के आढळले, आणि अधिक भरवशाच्या पाहण्यांत ते २० टक्क्यांच्या आसपास होते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातही जवळजवळ पाचांपैकी एक रुग्ण निकालावर समाधानी नसल्याचे दिसून आले. म्हणजे पाचांतील चौघींचे भले होते, आणि ते निःसंशय मोठे भले आहे. पण पाचवीला आज आपल्या राज्यात उभे राहायला जागा नाही, कारण तिची नोंद ठेवील असा रकानाच अस्तित्वात नाही.

दीर्घकाळ पाहत राहण्याची गरज केवळ दुखण्यापुरतीही नाही. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचे टोपण, नडगीच्या माथ्यावर धातूची बैठक, आणि दोहोंच्या मध्ये एका कठीण प्लास्टिकची गादी, अशी या सांध्याची रचना असते, आणि बहुधा ती हाडाला एका प्रकारच्या सिमेंटने चिकटवलेली असते. वर्षानुवर्षांच्या चालण्याने गादीचे अतिसूक्ष्म कण झडतात. ते कण नष्ट करू पाहणाऱ्या शरीराच्या पेशी भोवतीचे हाडही हळूहळू पोखरू लागतात, आणि हे सारे कित्येकदा काहीही न दुखता चालते. दुखायला लागते तेव्हा बैठक सैल झालेली असते आणि हाड इतके उणे झालेले असते की दुसरी शस्त्रक्रिया पहिलीच्या कितीतरी पट अवघड होते. काही वर्षांच्या अंतराने काढलेल्या एका साध्या क्ष-किरणचित्रात ही पोखरण वेळीच दिसू शकते. जंतुदोषाचेही तसेच: शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी, पायात मोडलेल्या बाभळीच्या काट्याच्या पिकलेल्या जखमेतून किंवा किडलेल्या दाढेतून जंतू रक्तावाटे त्या धातूपर्यंत पोचू शकतात, आणि मधुमेही रुग्णात हा धोका अधिक. अनवाणी शेतात वावरणाऱ्या बाईला ही सूचना देणारे कोणी तिच्या गावात हवे की नको?

आता मी ज्या हकिकतीकडे येतो, ती खरे म्हणजे खुब्याच्या सांध्याची आहे. पण आपल्याच राज्यात तिचा गुन्हा नोंदला गेला आणि माझ्या मागणीचा मुख्य आधार तीच आहे. जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीच्या डीप्यू शाखेने ‘ए. एस. आर.’ नावाचा, धातूवर धातू फिरणारा एक कृत्रिम खुबा बाजारात आणला होता. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही होती. हा खुबा इतरांच्या मानाने फार लवकर फसतो, हे त्या वहीतील आकड्यांतून दिसू लागले, आणि डिसेंबर २००९ मध्ये तो तेथील बाजारातून निघाला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. झिजणाऱ्या धातूचे कण रुग्णांच्या रक्तात उतरत होते. आपल्या देशात तोवर असे सुमारे ४,७०० खुबे बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत गुन्हा दाखल केला, ही गोष्ट आपल्या प्रशासनाला भूषणावह आहे आणि ती मी मुद्दाम नमूद करतो. पण पुढे केंद्र सरकारची समिती बसली, २०१८ मध्ये नुकसानभरपाईची सूत्रे ठरली, लाखांच्या रकमा मुक्रर झाल्या, आणि त्या घ्यायला माणसेच सापडेनात: त्या चार हजार सातशे शस्त्रक्रियांपैकी जेमतेम हजारभर रुग्णांचा माग लागला. बाकीचे कोठे गेले? ते सारेच काही मेले नव्हते, परागंदा झाले नव्हते. त्यांतले कित्येक आपापल्या गावी, आपापल्या घरी, शरीरात तो धातू घेऊन बसलेले होते, आणि त्यांची नावे एकत्र असलेला कागद देशात कोठेही नव्हता. दप्तराच्या अभावी जो अन्याय होतो तो आवाज करीत नाही, म्हणून त्यावर मोर्चे निघत नाहीत. तहसिलीत राहून मी एवढे मात्र पुरते ओळखून आहे.

स्वीडनने गुडघ्यांची अशी वही १९७५ साली घातली. इंग्लंड-वेल्सने २००३ पासून नोंदी घेणे सुरू केले. आपल्याकडे सांधेतज्ज्ञांच्या संस्थेने स्वतःच्या हौसेने एक नोंदणी चालवली आहे, आणि त्यांचे कौतुक करावे तितके थोडे. पण जी नोंद ऐच्छिक असते तीत ज्याचा निकाल चांगला तो माहिती देतो आणि ज्याचा वाईट तो विसरतो, हा मनुष्यस्वभाव आहे, त्याला वैद्यही अपवाद नाहीत. नोंद सक्तीचीच हवी, आणि सक्तीचे साधन आपल्या हातात आयतेच आहे: ज्या गुडघ्याचे पैसे योजनेतून जातात त्याची नोंद पूर्ण झाल्याखेरीज बिल मंजूर होऊ नये, इतका एक हुकूम पुरेल.

मराठवाड्यात जमिनीचा तंटा उभा राहिला की वकील पहिल्याने १९५४-५५ च्या खासरा पाहणीपत्रकाची नक्कल मागतो. सत्तर वर्षांपूर्वी कोण्या पटवाऱ्याने उन्हातान्हात फिरून लिहिलेला तो कागद आज नातवंडांची शेती वाचवतो, आणि त्यानंतर ते शेत किती वेळा हातपालट झाले हे फेरफारांच्या नोंदी क्रमाने सांगत जातात. गुडघ्याचे पाहणीपत्रक मी मागतो आहे ते याच धर्तीवर. त्यात प्रथम त्या सांध्याचा स्वतःचा तपशील हवा. कृत्रिम सांध्याच्या वेष्टनात चिकटपट्टीचे छापील तुकडे येतात, त्यांवर कंपनी, आकार आणि खेपेचा क्रमांक असतो. ते तुकडे रुग्णालयाच्या कागदांत चिकटवले जातात आणि तेथेच राहतात. माझ्या बहिणीला घरी पाठवताना दिलेल्या कागदावर ‘दोन्ही गुडघ्यांचे सांधेरोपण’ एवढेच लिहिलेले होते, कोणता सांधा याचा पत्ता नाही. मी वारंवार तगादा लावल्यावर कित्येक महिन्यांनी त्या तुकड्यांची झेरॉक्स मिळाली. मोटारसायकल घेणाऱ्याला तिच्या चासीचा क्रमांक हाती मिळतो आणि हाडात बसवलेल्या वस्तूचा मिळत नाही, ही वहिवाट एका परिपत्रकाने बंद होण्यासारखी आहे.

त्यानंतर विचारपूस. वर्षाने एकदा, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, आणि पुढे दर पाच वर्षांनी, माणूस हयात असेतोवर. इंग्लंडात शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर रुग्णालाच बारा प्रश्नांचा एक कागद भरायला देतात. १९९८ साली ऑक्सफर्डला तयार झालेली ती प्रश्नावली उत्तम आहे, पण तीत मोटारीत चढता येते का, बाजारहाट एकट्याने करता येतो का, अशा गोष्टी आहेत, आणि मोटारीऐवजी एस. टी.चे पायदान ज्याच्या वाट्याला आले आहे त्याला वेगळे प्रश्न विचारावे लागतात. जमिनीवर बसून उठता येते का, न्हाणीत पाय घसरला होता का, खुरपायला पुन्हा जाता का आणि जात असाल तर कशा बसता, हे प्रश्न आपणांस लिहावे लागतील. नवा गुडघा साधारणपणे एकशेदहा-एकशेवीस अंशांपर्यंत वाकतो आणि उकिडवे बसायला त्याहून पुष्कळ अधिक वाकावा लागतो; तरीही पोटासाठी बायका बसतात, आणि त्या बसण्याने सांध्याचे आयुष्य किती घटते हे शोधण्याची संधी ऑस्ट्रेलियाच्या वहीला कधीच मिळणार नाही, ती आपल्यालाच आहे.

हे काम करायला नवा नोकरवर्ग लागणार नाही. गावागावांत आशा कार्यकर्त्या आहेत. आमच्या शेजारच्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केल्या, तेव्हाच हे सिद्ध झाले की योग्य शिक्षण मिळाल्यास गावातली बाई आरोग्याची अशी माहिती बिनचूक गोळा करते. क्ष-किरणचित्रासाठी रुग्णाने सोलापूर गाठण्याचेही कारण नाही. ते तालुक्यालाच काढावे आणि धाराशिवच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अस्थितज्ज्ञांनी पाहावे, त्यांच्या विद्यार्थ्यांनाही त्यातून शिकायला मिळेल.

दोन गोष्टी ओघाने सांगून टाकतो, कारण त्या पैशाच्या आहेत. डेन्मार्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शंभर रुग्णांचे दोन गट करून एकास शस्त्रक्रिया व व्यायाम, दुसऱ्यास केवळ व्यायाम, वजन घटवणे आदी उपचार दिले गेले. शस्त्रक्रियेचा लाभ अधिक झाला यात शंका नाही, आणि गंभीर उपद्रवही तिच्यातच अधिक झाले. मात्र दुसऱ्या गटातील तीनांपैकी दोघांनी दोन वर्षे उलटली तरी शस्त्रक्रिया करून घेतली नव्हती. शरीराचे वजन एक किलोने उतरले की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात एक कायम भौतिकोपचारतज्ज्ञ नेमला, तर कित्येक गुडघे काही वर्षे पुढे ढकलले जातील, आणि जे बदलावे लागतील त्यांना नंतरचा व्यायाम घराजवळ मिळेल; कारण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत व्यायाम चुकला तर उत्तम बसलेला सांधाही ताठून जातो, आणि माझ्या वहिनीच्या बाबतीत बहुधा तेच घडले. दुसरी गोष्ट अशी, की पन्नाशीतल्या बाईला आज गुडघा देणाऱ्या योजनेने तिच्या सत्तरीत येणाऱ्या दुसऱ्या शस्त्रक्रियेची हमीही आजच द्यावी. पुनर्रोपणाच्या सांध्याची कमाल किंमत २०१७ च्या आदेशातच १,१३,९५० रुपये होती, म्हणजे पहिल्याच्या दुपटीहून अधिक, आणि सत्तरीच्या विधवेकडे ती रक्कम असेल असे धरून कोणी योजना आखू नये.

माझ्या मागणीवर दोन आक्षेप येतील हे मी जाणून आहे. एक, रुग्णाची माहिती खाजगी असते. तर ती खाजगीच राहावी, नावाऐवजी क्रमांक असावा, आणि बाहेर केवळ एकत्रित आकडे यावेत, जसे परदेशांत येतात. दुसरा आक्षेप उघडपणे कोणी घेणार नाही, पण खरा तोच आहे: अशी वही झाली म्हणजे कोणत्या कंपनीचा सांधा लवकर सैल होतो आणि कोणत्या रुग्णालयाचे रुग्ण अधिक दुखणे घेऊन परततात, हे दिसू लागेल. ते दिसावे म्हणूनच ती हवी आहे. ‘रोबोट’च्या साहाय्याने गुडघे बसवल्याच्या जाहिराती आता सोलापूरच्या रस्त्यांवर लागतात आणि त्यासाठी जादा पैसे मोजायला लोक जमिनीचा तुकडा विकतात, त्या यंत्राने बसवलेला गुडघा वीस वर्षांनी साध्या हातांनी बसवलेल्या गुडघ्याहून सरस ठरतो काय, याचा निवाडा जाहिरातीने व्हायचा की वहीने, हे आपण ठरवायचे आहे.

पाहणीपत्रकाचा एक कच्चा मसुदा या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे रवाना केला आहे. त्यात तज्ज्ञांनी सुधारणा करावी, प्रश्न कमी-अधिक करावे, माझी भाषा जुनी वाटली तर बदलावी. शेवटचा ‘शेरा’ हा रकाना मात्र मी मुद्दाम रुंद ठेवला आहे आणि तो अरुंद करू नये अशी विनंती आहे. आमच्या बायका दुखणे आकड्यांत सांगत नाहीत, त्या म्हणतात, “देवाला जाऊन आले, पण भाकरी उभ्यानंच करते,” आणि हे वाक्य जसेच्या तसे उतरायला तेवढी जागा लागते.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून
नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव